रक्तप्रवाहातील डावे-उजवे

मनुष्यदेहाच्या मध्यावरून कपाळापासून खाली एक सरळ रेघ ओढली, तर देहाचे दोन सारखे भाग पडतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. डोळे दोन, कान दोन, हात दोन, पाय दोन. आणि जे एकच आहे ते नाक किंवा तोंड, तेही बरोबर मध्यावर. शिंपी विजारीसाठी एका पायाचे माप घेतो आणि दुसरा पाय त्याच मापाचा असणार असे धरून चालतो. चांभार अनुभवी असला, तर तो मात्र दोन्ही पावले कागदावर आखून घेतो. बाहेरून दिसणारी ही समानता आतवर पोहोचत नाही, हे शवविच्छेदन करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. हृदय डावीकडे झुकलेले, यकृत उजवीकडे, प्लीहा डावीकडे. तथापि हातापायांच्या बाबतीत असा भेद कोणाला जाणवला नाही. निरोगी मनुष्याच्या दोन्ही पायांना सारखेच रक्त मिळते आणि दोन्ही पायांतून ते सारख्याच सुलभतेने परत जाते, हे गृहीत धरूनच वैद्यक चालले होते. या गृहीतातला खरा भाग किती आणि खोटा किती, हे कळावयास रुधिराभिसरणाचा शोध लागल्यानंतरही तीन शतकांहून अधिक काळ जावा लागला. आणि हा प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नव्हता. पुष्कळ बाळंतिणींचे जीवित त्याच्याशी निगडित होते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शिरांची संख्या ७०० सांगितली आहे. त्यांपैकी ४०० हातापायांत, १३६ धडात आणि १६४ गळ्याच्या वर. आणि हातापायांतील ४०० शिरांची वाटणी प्रत्येकी शंभर. यांतील किती शिरा प्रत्यक्ष पाहून मोजल्या आणि किती हिशेबाच्या सोयीने मांडल्या, हा वाद घालण्यात फारसे स्वारस्य नाही. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच, की डाव्या पायाच्या वाट्याला शंभर, तर उजव्याच्याही वाट्याला शंभर. पुढे नाडीपरीक्षेच्या ग्रंथांत पुरुषाचा उजवा हात पाहावा आणि स्त्रीचा डावा, असा संकेत रूढ झाला. पण तो स्त्री-पुरुषांतील भेदाचा संकेत होता. एकाच मनुष्याच्या दोन अंगांना निरनिराळा रक्तपुरवठा होत असेल, हा विचार त्यामागे नव्हता.

युरोपात डाव्या-उजव्याचा प्रश्न पहिल्याने गाजला तो पायांवरून नव्हे, रक्त काढण्याच्या उपचारावरून. फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन कुशीत कळा येऊ लागल्या, तर रक्त कोणत्या हाताचे काढावे? अरबी वैद्यांकडून आलेली परंपरा सांगे, की दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध अंगाचे काढावे. पॅरिसचा वैद्य प्येर ब्रिसो याने सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या परंपरेला विरोध केला आणि ज्या बाजूला दुखते त्याच बाजूचे रक्त काढावे, असा हिप्पोक्रेटिसाच्या नावाने आग्रह धरला. वाद इतका पेटला, की त्यात पक्ष न घेणारा वैद्य विरळाच उरला असावा. १५३९ साली पादुआचा शारीरशास्त्रज्ञ व्हेसेलियस याने त्यात एक छोटेसे पत्रपुस्तक प्रसिद्ध करून निराळाच सूर लावला. बरगड्यांमधले रक्त गोळा करणारी एक एकटी शीर कण्याच्या उजव्या अंगाने जाते आणि तिला डाव्या अंगाला तशी जोडीदार नाही, हे त्याने विच्छेदनात पाहिले होते. तेव्हा कळ कोणत्याही कुशीत असो, रक्त उजव्या कोपराचेच काढावे, असा त्याचा निष्कर्ष. उपचार म्हणून हा सल्ला आज निरुपयोगी आहे. पण रक्तवाहिन्यांचे डावे-उजवे ग्रंथांत शोधावयाचे नसून देहात शोधावयाचे असते, ही गोष्ट त्या चोपडीने प्रथम ठसठशीतपणे मांडली.

त्याच पादुआत पुढे फाब्रिसियस हा अध्यापक झाला. शिरांच्या आत ठिकठिकाणी पातळ पडद्यांच्या झडपा असतात, याचे सचित्र वर्णन त्याने १६०३ साली प्रसिद्ध केले. या झडपा कशासाठी, याचे त्याने दिलेले उत्तर मोठे मनोरंजक आहे. रक्त यकृतातून निघून शिरांवाटे सर्व अवयवांकडे जाते, असे तो परंपरेप्रमाणे मानी. मनुष्य उभा असताना सगळे रक्त एकदम पायांत उतरून तेथेच साचू नये, म्हणून निसर्गाने वाटेत हे बांध घातले, असे त्याला वाटले. पायांत रक्त साचण्याचा धोका त्याने बरोबर हेरला होता; प्रवाहाची दिशा मात्र त्याने उलटी धरली. त्याचा शिष्य विल्यम हार्वी १६०२ साली पादुआची पदवी घेऊन इंग्लंडला परतला आणि १६२८ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. झडपा हृदयाकडेच उघडतात, उलट दिशेला मिटतात. म्हणजे शिरांतले रक्त हृदयाकडे परत जात असते, हे त्याने दाखवून दिले. रक्त जाते आणि परत येते हे ठरल्यावरच एका अवयवात किती रक्त जाते आणि किती सुखाने परत येते, हा प्रश्न विचारता येऊ लागला. त्यापूर्वी तो प्रश्नच संभवत नव्हता.

जाणे आणि येणे या दोहोंत येणेच अधिक कष्टाचे. पायांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना मराठी शास्त्रीय भाषेत रोहिणी म्हणतात. त्यांच्यामागे हृदयाचा जोर असतो. परत आणणाऱ्या वाहिन्या त्या नीला. त्यांच्यामागे तो जोर फारसा उरलेला नसतो. स्तब्ध उभ्या असलेल्या मनुष्याच्या घोट्याजवळच्या नीलेत पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरांचा दाब असतो. हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाचे ते वजन होय. तोच मनुष्य चालू लागला, की पोटरीचे स्नायू आकुंचन पावून नीला पिळल्या जातात, झडपा रक्ताला खाली येऊ देत नाहीत, आणि दाब ३० मिलिमीटरांच्या आसपास उतरतो. पोटरी हे पायांतले दुसरे हृदयच म्हणावयास हरकत नाही. एका जागी तासन् तास उभे राहणाऱ्या गिरणीकामगाराचे किंवा पोलीस शिपायाचे पाय संध्याकाळी जड होतात, ते हे दुसरे हृदय थांबल्यामुळे.

दाब मोजण्याचा पहिला धाडसी प्रयोग एका धर्मोपदेशकाने केला. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावाचा स्टीफन हेल्स हा उपाध्याय झाडांत रस कसा चढतो याचा अभ्यास करता करता प्राण्यांच्या रक्ताकडे वळला. एका घोडीला उताणी बांधून त्याने तिच्या डाव्या मांडीच्या रोहिणीत पितळेची नळी बसविली आणि तिला नऊ फूट लांबीची काचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच उंच चढले. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा प्रयोग बारीकसारीक तपशिलांसह नोंदविला आहे; वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्या माणसाच्या काटेकोरपणाचे नवलही वाटते. दुसऱ्या पायात रक्त निराळ्या उंचीपर्यंत चढेल काय, हा त्या प्रयोगाचा विषय नव्हता. एका पायात जे आढळले ते देहाचे म्हणून नोंदले गेले, आणि रोहिण्यांपुरते ते गृहीत फारसे चुकीचेही नव्हते. भेद दडला होता तो परतीच्या वाटेत. आणि तो वैज्ञानिकाच्या नळीत नव्हे, बाळंतिणीच्या खाटेवर प्रकट होत होता.

प्रसूतीनंतर आठ-पंधरा दिवसांनी एखाद्या स्त्रीला ताप येई, एका पायाला जांघेपासून घोट्यापर्यंत सूज चढे, कातडी ताणली जाऊन पांढरी व चकचकीत दिसू लागे, पाय हलविणे अशक्य होई. बहुधा तो पाय डावा असे. काही स्त्रिया महिना-दोन महिन्यांनी बऱ्या होत, काहींचा पाय जन्मभर जड राही, आणि काही स्त्रिया उठून बसता बसता एकाएकी धाप लागून गतप्राण होत. सूज पांढरी, आणि प्रसूतीनंतर येणारी. तेव्हा आईचे दूध वाट चुकून पायात उतरले असले पाहिजे, असा तर्क निघाला. अठराव्या शतकातल्या फ्रान्समधला प्रसिद्ध प्रसूतिवैद्य प्युझो याने या दुधाच्या साठ्यांवर विस्ताराने लिहिले. इंग्रजीत या विकाराला पडलेले लोकनामही दुधावरूनच आहे. या तर्काला हसणे सोपे आहे. पण ज्या काळी पायाच्या आत पाहण्याचे काहीच साधन नव्हते, त्या काळी दोन पांढऱ्या वस्तूंची सांगड घातली गेली, यात अस्वाभाविक असे काही नाही. अनर्थ झाला तो वेगळ्याच कारणाने. दूध जिरावे म्हणून आणि पायाला आराम पडावा म्हणून त्या स्त्रीला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. पोटरीचे दुसरे हृदय बंद पाडण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइट याने १७८४ साली दुधाची कल्पना नाकारली. मुलाचे डोके ओटीपोटाच्या हाडांवर दाबले जाऊन तेथल्या लसवाहिन्या फुटत असाव्यात, असे त्याचे म्हणणे होते. कारण चुकले होते, पण जागा बरीचशी बरोबर होती: दोष पायात नव्हे, पायाच्या वाटेवर, ओटीपोटात. लंडनच्या डेव्हिड डेव्हिसने १८२३ साली मृत स्त्रियांच्या विच्छेदनावरून दाखवून दिले, की ओटीपोटातल्या व मांडीतल्या नीला सुजून रक्ताच्या गुठळ्यांनी बंद झालेल्या असतात. दुधाचा एक थेंबही कोठे नव्हता.

आता उरला तो डाव्या पायाचा प्रश्न. तो स्पष्ट शब्दांत विचारण्याचे श्रेय जर्मनीच्या रुडोल्फ फिर्खोव याचे. रक्ताची गुठळी नीलेत जमते, तिचा तुकडा सुटून हृदयातून फुप्फुसात जातो आणि तेथली वाट अडवितो, ही उपपत्ती फिर्खोवनेच मांडली. खाटेवर उठून बसताना स्त्रिया एकाएकी का दगावत, याचे उत्तर तीत होते. मांडीच्या व ओटीपोटाच्या नीलांतील गुठळ्या उजव्या अंगापेक्षा डाव्या अंगाला सुमारे पाचपट अधिक आढळतात, अशी त्याची १८५१ सालची नोंद आहे. डाव्या अंगाची नीला वाटेत उजव्या रोहिणीखाली दाबली जाते, हे त्याचे कारण असावे, असे त्याने सुचविले.

ही रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळ्या प्रकरणाचे मर्म तीत आहे. हृदयातून निघालेली महारोहिणी कण्यासमोरून किंचित डाव्या अंगाने खाली उतरते आणि बेंबीच्या पातळीला, किंवा जरा खाली, तिच्या दोन शाखा होतात, प्रत्येक पायासाठी एक. दोन्ही पायांकडून वर येणाऱ्या नीला एकत्र होऊन महानीला बनते, ती मात्र कण्याच्या उजव्या अंगाला. म्हणजे उजव्या पायाच्या नीलेची वाट जवळजवळ सरळ आहे. डावीला मात्र कण्याचा मणका आडवा ओलांडून पलीकडे जावे लागते. आणि नेमक्या त्याच जागी उजव्या पायाकडे जाणारी रोहिणी तिच्यावरून आडवी पडते. खाली हाड, वर ठणठण उडणारी रोहिणी, आणि मधोमध पातळ भिंतीची, मऊ नीला. वर्दळीच्या रस्त्याखालून गेलेल्या मोरीची जशी स्थिती, तशीच तिची. हा काही रोग नव्हे. मनुष्य म्हणून जन्मास येणाऱ्या बहुतेक प्रत्येकाची ही ठेवण आहे. क्वचित एखाद्याची महानीला जन्मतः डाव्या अंगाला असते. अशा माणसांत चेपली जाणारी नीला उजव्या पायाची असल्याचे आढळले आहे. अपवादाने नियम इतक्या स्वच्छपणे सिद्ध व्हावा, असे वैद्यकात फार वेळा घडत नाही.

फिर्खोवचे म्हणणे जवळजवळ अर्धशतक ग्रंथांत पडून राहिले. टोरँटोचे शारीरशास्त्रज्ञ मॅकमरिच यांनी १९०८ साली शवांतल्या या नीला उघडून पाहिल्या, तेव्हा त्यांना सुमारे एकतृतीयांश देहांत नीलेच्या आत पडद्यासारख्या किंवा दोऱ्यासारख्या गाठी आढळल्या. त्या जन्मजात असाव्यात, असे त्यांचे मत पडले. १९४३ साली अमेरिकेत एरिख व क्रुम्भार यांनी ४१२ शवांची पाहणी केली. शेकडा २४ देहांत असाच अडथळा होता. आणि १९५७ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या मे आणि थुर्नर या दोघांनी ४३० शवांचा हिशेब प्रसिद्ध केला: शेकडा २२. त्यांच्या मते हे पडदे जन्मजात नव्हत. रोहिणीचा प्रत्येक ठोका नीलेला हाडावर चेपतो. मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके, वर्षानुवर्षे. या घर्षणाने नीलेचे आतले अस्तर चिडून जाड होत जाते आणि शेवटी त्याचा काटा तयार होतो. मे आणि थुर्नर यांचीच नावे पुढे या विकाराला चिकटली. फिर्खोव, मॅकमरिच ही नावे मागे पडली. विज्ञानात नाव राहते ते पहिल्याने पाहणाऱ्याचे नव्हे, तर ज्याने सांगितल्यावर लोक ऐकतात त्याचे. लंडनचे शल्यवैद्य फ्रँक कॉकेट यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९६५ साली जिवंत रोग्यांत हाच प्रकार वर्णिला, आणि बहुतांशी तरुण स्त्रियांच्या डाव्या पायाच्या सुजेला एक नाव आणि एक कारण मिळाले.

परंतु या सर्व संख्यांत एक गोष्ट दडलेली होती आणि तिच्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. शेकडा २२ किंवा २४ हे आकडे रोग्यांचे नव्हते. ते सरसकट शवांचे होते. त्यांतल्या बहुतेकांना हयातीत पायाची काही तक्रार असल्याचे कोणाला ठाऊक नव्हते. मग निरोगी मनुष्याच्या दोन पायांत भेद किती असतो? हे शवावरून कळणे शक्य नव्हते. त्यासाठी जिवंत पायातला प्रवाह मोजणे भाग होते.

मोजण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली आणि ती मोठी सुरेख आहे. ओढ्यावर बांध घातला, की पाणी किती वेगाने चढते त्यावरून ओढ्याची आवक कळते. ब्रोडी व रसेल यांनी १९०५ साली हे तत्त्व मूत्रपिंडासाठी वापरले. १९०९ साली मिशिगनमधल्या ह्यूलेट व व्हान झ्वालुवेनबर्ग यांनी ते मनुष्याच्या हाताला लावले. मांडीला किंवा दंडाला पट्टा बांधून त्यात इतकीच हवा भरावयाची, की नीला बंद व्हाव्यात आणि रोहिणी चालू राहावी. रक्त येत राहते, पण जाऊ शकत नाही. अवयव फुगू लागतो. फुगण्याचा वेग म्हणजेच आत येणाऱ्या रक्ताचा वेग. पुढे १९५३ साली व्हिटनी याने पोटरीभोवती पारा भरलेली बारीक रबरी नळी गुंडाळून हे फुगणे विजेच्या साहाय्याने मोजण्याची सोय केली. १९५९ साली जपानमधल्या ओसाकाचे शिगेओ सातोमुरा यांनी कातडीवरून ध्वनिलहरी सोडून आतल्या रक्ताचा वेग टिपल्याचे प्रसिद्ध केले. दुसऱ्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात या ध्वनियंत्राने पायांच्या वाहिन्या पाहतात.

या मापनांतून निघालेले चित्र असे. स्वस्थ पडलेल्या निरोगी मनुष्याच्या पोटरीतील प्रत्येक १०० घनसेंटिमीटर भागात मिनिटाला अवघे दोन-चार घनसेंटिमीटर रक्त जाते. मनुष्य जोराचे श्रम करू लागला, की तेच दसपटीहूनही वाढते. खोली थंड असली, मनात धास्ती असली, नुकतेच जेवण झाले असले, तर आकडे बदलतात. तेव्हा एका क्षणी डाव्या-उजव्यात थोडा फरक दिसला, तरी त्याचा अर्थ लावण्याची घाई करता येत नाही. सवयीनेही फरक पडतो. २००१ साली जपानमध्ये निरोगी माणसांकडून एकाच पायाने सायकलचे पेडल मारण्याचा सराव करवून घेतला, तेव्हा सहा आठवड्यांत त्या पायाच्या मांडीची रोहिणी व नीला दोन्ही रुंदावल्या. बसून राहिलेल्या पायाच्या रुंदावल्या नाहीत. वाहिन्या देहाच्या आज्ञेत असतात, आणि देह आपापल्या धंद्याच्या.

फरक कधीकधी देहाचा नसून मोजणाऱ्याचाही असतो. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढून पायाच्या रोहिणीची पारख करण्याची पद्धत अमेरिकन डॉक्टर विन्सर यांनी १९५० साली आणली. हे गुणोत्तर ०.९ च्या खाली गेले, की रोहिणी अरुंद झाल्याचा संशय घेतात. मोठ्या पाहण्यांतून असे दिसले, की उजव्या पायाचा आकडा डाव्याहून सरासरीने किंचित अधिक भरतो. यात निसर्गाचा पक्षपात शोधण्यापूर्वी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मोजणारा बहुधा उजव्या अंगापासून आरंभ करतो. रोगी तोवर बिचकलेला असतो, त्याचा दाब चढलेला असतो. डाव्या पायाची पाळी येईपर्यंत तो सावरतो आणि दाब उतरतो. रोहिण्यांच्या बाबतीत निरोगी देह फारसे डावे-उजवे करीत नाही. ते करतो तो नीलांच्या बाबतीत.

ते किती करतो, याचे उत्तर २००४ साली अमेरिकेतून आले. पोटदुखीसारख्या कारणासाठी रुग्णालयात येऊन क्ष-किरणांचे छेदचित्र काढलेल्या, पण पायांची कसलीही तक्रार नसलेल्या ५० लोकांची चित्रे तपासण्यात आली. रोहिणीखाली डावी नीला किती चेपली जाते, एवढेच पाहावयाचे होते. शेकडा ६६ लोकांत ती चतुर्थांशाहून अधिक चेपलेली होती. शेकडा २४ लोकांत निम्म्याहून अधिक. म्हणजे चार धडधाकट माणसांतील एकाच्या डाव्या पायाची वाट निम्म्याहून अरुंद असते, आणि तो मनुष्य बाजारहाट करतो, जिने चढतो, एखादा वारीलाही जातो, पाय कधी सुजत नाही. वाट अरुंद झाली, की आजूबाजूच्या लहान नीला हळूहळू मोठ्या होऊन भार उचलतात. शिवाय नीलेला वाहून न्यावयाच्या रक्ताच्या मानाने जागा मुळातच मोकळी दिलेली असते.

या शोधाने एक अडचण दूर केली आणि दुसरी निर्माण केली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चेपलेल्या नीलेत धातूची जाळीदार नळी बसवून ती रुंद ठेवण्याचा उपाय प्रचारात आला आहे. ज्या रोग्याची नीला गुठळीने बंद होऊन पाय सुजला आहे, जखमा भरत नाहीत, त्याला या नळीने नवे आयुष्य मिळते, यात शंका नाही. पण छेदचित्रांची सोय जसजशी सुलभ झाली, तसतशी निरोगी माणसाची चेपलेली नीलाही डोळ्यांपुढे येऊ लागली. आणि दिसले म्हणून दुरुस्त करावे, हा मोह यंत्राच्या युगात सोडवणे कठीण. अशी नळी एकदा बसविली, की जन्मभर आत राहते. तीही गुठळीने बंद होऊ शकते. केवळ चित्रातल्या टक्केवारीवरून हा निर्णय घेणे धोक्याचे आहे. रोग्याचा पाय पाहणे अजून संपलेले नाही. १९९७ साली कॅनडातल्या वैद्यांनी गुठळीचा संशय पारखण्याची जी गुणपद्धती रूढ केली, तीत आजारी पोटरी निरोगी पोटरीहून ३ सेंटिमीटरांपेक्षा जास्त जाड असणे, ही एक खूण आहे. तेथे साधन म्हणून लागते ती शिंप्याची टेप, आणि माप म्हणून त्याच माणसाचा दुसरा पाय.

निरोगी मनुष्याचा हा निरुपद्रवी भेद केव्हा उपद्रवी होतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण गरोदरपणाचे. वाढणारा गर्भाशय ओटीपोटातल्या नीलांवर टेकतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती त्या दिवसांत मुळातच वाढलेली असते, आणि आधीच अरुंद असलेली डावी वाट आणखी अरुंद होते. गरोदर स्त्रीच्या पायात गुठळी झाली, तर दहांत आठांहून अधिक वेळा ती डाव्या पायात असते. १९९७ साली ग्लासगो येथे निरोगी गरोदर स्त्रियांच्या दोन्ही पायांतील प्रवाह ध्वनियंत्राने पाहिला गेला. दिवस भरत गेले, तसा दोन्ही मांड्यांच्या नीलांतला रक्ताचा वेग कमी होत गेला, आणि उजव्यापेक्षा डाव्या मांडीत तो अधिक कमी झाला. यांपैकी कोणाला काही रोग नव्हता. दूध वाट चुकते असे मानणाऱ्यांनी जे दुखणे पाहिले होते, त्याची ही पूर्वतयारी होती, आणि ती प्रत्येक निरोगी आईच्या देहात होत असते.

म्हणूनच आता प्रसूतीनंतर स्त्रीला फार काळ निजू देत नाहीत. शस्त्रक्रिया करून मूल काढले असले, तरी शक्य तितक्या लवकर तिला उठवून चालावयास लावतात; ज्यांना धोका अधिक, त्यांना रक्त पातळ ठेवणारे औषध टोचतात. महाराष्ट्रात बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, अशी रूढी आहे. ग्लासगोच्या त्याच अभ्यासकांनी प्रसूतीनंतरही मापे घेतली होती, आणि पायांच्या नीलांतला प्रवाह पूर्ववत् व्हावयास सुमारे सहा आठवडे लागतात, असे त्यांना आढळले. दोन आकडे जवळ आले, एवढ्यावरून रूढीला शास्त्राचा आधार मिळाला असे कोणी म्हणू नये. रूढीत जेथे खाटेवर पडून राहणे अभिप्रेत असेल, तेथे शास्त्राचे सांगणे अगदी उलट आहे. त्या सहा आठवड्यांत घरातल्या घरात का होईना, तिने चालत राहिले पाहिजे. आणि एक पाय, विशेषतः डावा, एकाएकी सुजला किंवा पोटरी दुखू लागली, तर शेक-मालिश करीत न बसता त्याच दिवशी डॉक्टरला दाखविले पाहिजे.